टेलिकॉमची जुनी यंत्रणा क्लाउड-नेटिव्ह होताना: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातले टेलिकॉम तंत्रज्ञ, तालुक्याच्या गावी फायबर इंटरनेट देणारे व्यावसायिक आणि अभियांत्रिकीची मुलं जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

क्लाउड-नेटिव्ह म्हणजे जुनं सॉफ्टवेअर उचलून क्लाउडवर ठेवायचं, एवढंच ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसा या गैरसमजापायी वाया जातो. ऑक्टोबर २०१२ मध्ये जगातल्या १३ टेलिकॉम कंपन्यांनी मिळून एक श्वेतपत्रिका काढली. प्रत्येक कामाला वेगळी, महागडी, एकाच कंपनीची पेटी कशाला, ते काम साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवू, असा तिचा आशय होता. पुढे युरोपातल्या एत्सी या मानक संस्थेत त्यावर काम सुरू झालं. पण पहिल्या काही वर्षांत बहुतेकांनी पेटीतलं अवजड सॉफ्टवेअर तसंच्या तसं व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, कोंबलं. पेटी गेली, सवयी राहिल्या. अपग्रेडला तीच रात्र जागायची, एक भाग बिघडला की सगळं रीस्टार्ट करायचं.

क्लाउड-नेटिव्हमध्ये त्या सॉफ्टवेअरचीच फोड करतात. नोंदणी, सेशन, धोरण, चार्जिंग या सेवा वेगळ्या होतात. प्रत्येक सेवा छोट्या कंटेनरमध्ये, म्हणजे लागेल तेवढ्याच सामानासह बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या डब्यात, चालते आणि एकाच वेळी तिच्या अनेक प्रती उभ्या असतात. ग्राहकाची चालू माहिती त्या प्रतीच्या पोटात राहत नाही, बाजूच्या डेटाबेसमध्ये राहते. म्हणून एखादी प्रत मेली तरी कॉल तुटू नये अशी रचना करता येते. रावेर-यावलकडच्या वाचकांना केळीचं उदाहरण पटेल: घड कापल्यावर झाड पाडतात, पण बाजूचं पील तोवर वाढलेलं असतं, बाग उभीच राहते. प्रती उभ्या करणं, मेलेल्या बदलणं, वाढवणं-कमी करणं हे काम कुबरनेटिस नावाचं सॉफ्टवेअर करतं. गुगलने ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं.

मग "जुनी यंत्रणा" नेमकी कशाला म्हणायचं?

एक्स्चेंजच्या खोलीत उभं राहून बघा. उणे ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा, बॅटऱ्यांची रांग, तांब्याच्या जोड्या येतात तो एमडीएफ, आणि एकेका कामासाठी एकेक कपाट. मोबाइलच्या बाजूला कॉल जोडणारं एमएससी, ग्राहकांची नोंद ठेवणारं एचएलआर, या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं एसएस७ सिग्नलिंग. ४जीमध्ये नावं बदलली, एमएमई, एचएसएस, पीगेटवे आले, पण बऱ्याच ठिकाणी कपाटाची पद्धत तीच राहिली.

या यंत्रणेला कमी लेखू नका. सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात बनवलेलं १२८ पोर्टचं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज एसीशिवाय चालावं म्हणूनच घडवलं होतं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. भारतातल्या खेड्याची धूळ, ऊन आणि वीज समोर ठेवून केलेलं ते काम होतं. आजच्या यंत्रणेने निदान तेवढी बरोबरी केली पाहिजे, असं माझं मत आहे.

चाललंय ते चांगलं चाललंय. बदलायचं कशाला?

कारण ते फार दिवस चालणार नाही. सुटे भाग मिळत नाहीत, कंपनीचा सपोर्ट संपतो आणि ते कपाट ओळखणारी माणसं निवृत्त होतात. शिवाय ५जीचा गाभा, म्हणजे टॉवरमागची मुख्य यंत्रणा (कोअर), लिहिलाच असा आहे. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या रिलीज १५ या आवृत्तीत ५जी कोअरमधल्या सेवा एकमेकींशी वेबच्या भाषेत, म्हणजे एचटीटीपी/२ आणि जेसनमध्ये बोलतात. तिथे जुनं कपाट जोडायला जागाच नाही.

भार एकदम वाढण्याचा फायदाही सांगतात आणि तो खरा आहे, पण अर्धाच. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजाराला देशभरातून माणूस येतो आणि एरवी शांत असलेल्या त्या भागात फोनची गर्दी होते. क्लाउड-नेटिव्ह कोअर अशा वेळी नोंदणी-सेशनच्या प्रती वाढवून घेतं, यात्रा उठली की कमी करतं. मात्र टॉवरची रेडिओ क्षमता आणि टॉवरपर्यंतची फायबर काही आपोआप वाढत नाही. तिथे फिरता टॉवरच आणून उभा करावा लागतो. कोणी "क्लाउड घेतला की यात्रेत रेंजचा प्रश्न मिटला" म्हणत असेल, तर त्याला बॅकहॉल, म्हणजे टॉवरमागची जोडणी, किती आहे ते विचारा.

माझ्या फोनवर ५जी दिसतं. म्हणजे आपल्याकडे हे झालंच की?

झालंच असं नाही. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. जिओने पहिल्यापासून स्टँडअलोन पद्धत घेतली, म्हणजे ५जीचा स्वतःचा कोअर. एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोनने केली: हवेत ५जी, मागे ४जीचा कोअर. दोन्ही फोनवर चिन्ह तेच दिसतं. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी झारसुगुडा येथून ९७,५०० पेक्षा जास्त टॉवरसह देशाला अर्पण झालं. त्यात कोअर सी-डॉटचा, रेडिओ तेजसचा आणि जोडणीचं काम टीसीएसचं. ही यंत्रणा क्लाउडवर आधारित आणि ५जीकडे नेता येणारी आहे, असं सरकारने तेव्हा सांगितलं.

बाहेरची फायबर तुटली तर गावातला फोन गावात लागेल का?

माझ्या लेखी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि सादरीकरणांत तो क्वचितच असतो.

जुन्या ग्रामीण एक्स्चेंजमध्ये स्थानिक कॉल तिथल्या तिथे जोडला जायचा. ट्रंक लाइन बंद पडली तर एसटीडी बंद, पण सरपंचाचा फोन दवाखान्यात लागायचा. आताच्या केंद्रीय कोअरमध्ये धडगावच्या एका माणसाने शेजारच्या घरी फोन लावला तरी त्या कॉलचं सिग्नलिंग दूरच्या डेटा सेंटरपर्यंत जाऊन येतं. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की टॉवर जागेवर उभा, वीज चालू, आणि तरी "भाऊ, गावमाच फोन लागत नई" ही तक्रार येते. तक्रार खरी असते.

हा दोष क्लाउड-नेटिव्हचा नाही, कुठली सेवा कुठे ठेवली याचा आहे. कंटेनरमध्ये फोडलेल्या सेवा लहान जागेतही चालतात, त्यामुळे त्या जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवणं आता जास्त सोपं आहे. पण नुसता डेटा वाहणारा यूपीएफ जळगावला आणला की काम भागलं, असं समजू नका. चालू सेशन काही काळ टिकतील, नवीन नोंदणी आणि नवीन सेशनसाठी मात्र नोंदणी सांभाळणारा एएमएफ, सेशन सांभाळणारा एसएमएफ आणि ग्राहकाची ओळख पटवणारी सेवा लागतेच. त्या मुंबईत किंवा पुण्यात असतील तर यूपीएफ एकटा काही करू शकत नाही. आवाजाच्या कॉलसाठी कॉल जोडणारी आयएमएस ही यंत्रणासुद्धा लागते. तुटलेल्या अवस्थेत स्थानिक सेवा चालू ठेवण्याचा विचार ३जीपीपीने ४जीसाठी रिलीज १३ मध्येच केला होता, आपत्कालीन यंत्रणांना समोर ठेवून. म्हणजे हे अशक्य नाही, मागावं मात्र लागतं.

त्याहून आधी करायचं काम म्हणजे दुसरी वाट. नकाशावर दोन फायबर दाखवतात, पण जमिनीवर दोन्ही तापीवरच्या एकाच पुलावरून गेलेल्या असतात. एक मनमाडच्या बाजूने आणि दुसरी नंदुरबार-सुरतच्या बाजूने बाहेर पडली, तर तिला खरी दुसरी वाट म्हणायचं. सातपुड्यात, तोरणमाळ-मोलगीकडे, मायक्रोवेव्हची दुसरी उडी तरी असावी. कोअर कितीही आधुनिक झाला तरी त्याच्यापर्यंत पोचायला एकच वाट असेल, तर खान्देशच्या ग्राहकाच्या हाती जुन्यापेक्षा कमी पडतं. प्रकल्पाच्या बैठकीत हे कोणीतरी उठून बोललं पाहिजे.

डेटा सेंटर मुंबईत असेल तर अंतरामुळे कॉल रेंगाळेल का?

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. जाऊन-येऊन साधारण ४ मिलिसेकंद, त्यात मधले राउटर आणि वळणावळणाची केबल यांची भर. कॉलला हे जाणवतही नाही. अडचण वाट तुटण्याची आहे, अंतराची नाही.

सगळं एखाद्या मोठ्या कंपनीच्या पब्लिक क्लाउडवर का नेऊ नये?

काही गोष्टी न्याव्यात: चाचणीची यंत्रणा, अहवाल, ग्राहक ॲप, विश्लेषण. कोअरचा प्रश्न वेगळा. भारतातल्या परवान्याच्या अटींनुसार ग्राहकांची आणि बिलाची माहिती देशाबाहेर नेता येत नाही, रोमिंगसारखे अपवाद सोडून. जून २०२१ पासून नेटवर्कमध्ये बसणारी उपकरणं विश्वसनीय स्रोताकडूनच घ्यावी लागतात. कॉलच्या नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात. म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधला खासगी क्लाउडच योग्य ठरतो. जगातही एकच रस्ता नाही. जपानच्या राकुतेनने एप्रिल २०२० मध्ये पहिल्यापासून सॉफ्टवेअरवर उभारलेलं मोबाइल नेटवर्क सुरू केलं. अमेरिकेच्या एटीअँडटीने आधी स्वतःचा नेटवर्क क्लाउड बांधला आणि २०२१ मध्ये ते तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टकडे दिलं.

ग्राहक जुन्यावरून नव्यावर हलवतात कसे? सिम बदलावं लागतं का?

सिम बदलावं लागू नये, हेच या कामातलं कौशल्य. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तीच एचएलआरला जोडलेल्या पडताळणी केंद्रातही असते. स्थलांतरात ही किल्ली सांकेतिक रूपातच एका पेटीतून दुसरीकडे जाते, कुणाच्याही स्क्रीनवर ती उघडी दिसता कामा नये. हे जमलं नाही तर लाखो सिम बदलावी लागतील, आणि अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा माणूस त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येईल.

गट पाडताना मोबाइल क्रमांक धरून चालत नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते, त्यामुळे क्रमांकाच्या सुरुवातीवरून ग्राहक कुणाचा ते कळत नाही. गट आयएमएसआयवर, म्हणजे सिमच्या आतल्या ओळखीवर पाडायचे. आणि पोर्ट होऊन आलेल्यांची वेगळी चाचणी करायचीच.

एका गटाची रात्र साधारण अशी जाते. मेंटेनन्स विंडो, म्हणजे कामासाठी राखलेली वेळ, सुरू झाली की त्या गटाचे नवे व्यवहार थांबवतात: सिम बदलणं, प्लॅन बदलणं बंद. नोंदी बाहेर काढतात, नव्या डेटाबेसमध्ये भरतात, दोन्हीकडची संख्या आणि काही नोंदींमधला प्रत्येक रकाना जुळवतात. मग सिग्नलिंगच्या चौकात, एसटीपीवर, मार्ग बदलतात: या गटाचे निरोप आता नव्याकडे. लगेच चाचणी. येणारा कॉल, जाणारा कॉल, बँकेचा ओटीपी, कॉल फॉरवर्ड, रोमिंगमधला एक फोन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक. ओटीपीची चाचणी कधी टाळू नका. कॉल लागतो म्हणून सगळे घरी जातात आणि सकाळी बँकेच्या रांगेतून तक्रारी सुरू होतात.

परत फिरण्याची वाट पहाटेपर्यंत उघडी ठेवायची. त्यासाठी नव्याकडे झालेले बदल जुन्याकडेही लिहिले जात असले पाहिजेत. रोलबॅकची, म्हणजे जुन्यावर परत जाण्याची, फक्त कागदावरची कार्यपद्धती (एमओपी) पुरत नाही, तो एकदा खरोखर करून बघितलेला असावा. आणि पहिला गट कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या सिमचा घ्यावा.

बिलिंगमध्ये काय चुकतं?

छोट्या गोष्टी. कंटेनर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, भारताची वेळ साडेपाच तास पुढे. हे लक्षात ठेवलं नाही तर मध्यरात्री संपणारी रिचार्जची मुदत पहाटे साडेपाचला संपते, किंवा दिवसाचा डेटा कोटा भलत्याच वेळी नव्याने सुरू होतो. पैशांची गोलाई दोन यंत्रणांत वेगळी असते. म्हणून काही काळ दोन्ही बिलिंग एकाच माहितीवर समांतर चालवा आणि पै-पैचा फरक शोधा. फरक किरकोळ आहे म्हणून सोडून दिला, तर तो ग्राहकाच्या खिशातून जातो.

नेहमीचं कुबरनेटिस टेलिकॉमला पुरतं का?

जसंच्या तसं नाही. वेबसाइटच्या कंटेनरला एक नेटवर्क कार्ड पुरतं. टेलिकॉममध्ये सिग्नलिंग, डेटा आणि देखरेख वेगळी ठेवावी लागते, म्हणून मल्टससारखी जोड लागते. यूपीएफला पॅकेट फार वेगाने हलवायचे असतात, त्यासाठी एसआर-आयओव्ही आणि डीपीडीके ही पॅकेट वेगाने हलवण्याची तंत्रं, ठरावीक सीपीयू राखून ठेवणं, मेमरीचे मोठे तुकडे हे सगळं लागतं. सिग्नलिंग वाहणारा जुना एससीटीपी प्रोटोकॉल भार वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरला चटकन पचत नाही, तिथे वेळ जातो.

नवीन यंत्रणा कमी बंद पडते का?

छोटे बिघाड कमी होतात. मोठा बिघाड झाला तर एकदम सगळीकडे होतो. टेलिकॉमचं जुनं मापदंड ९९.९९९ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण सव्वापाच मिनिटं बंद. जुनं कपाट जळलं तर एक तालुका जायचा; सगळीकडे एकच सॉफ्टवेअर असेल तर त्यातली चूक सगळीकडे जाते. ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमध्ये ओटू या मोबाइल कंपनीचं डेटा नेटवर्क दिवसभर कोलमडलं. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. जपानात जुलै २०२२ मध्ये केडीडीआय या मोबाइल कंपनीच्या एका राउटरच्या देखभालीत चूक झाली, नोंदणीचे निरोप एकावर एक चढत गेले आणि सेवा दोन दिवसांहून जास्त विस्कळीत राहिली.

५जी कोअरमध्ये सेवांमधला संवाद प्रमाणपत्रांवर चालतो, आणि ती शेकड्यांनी असतात. त्यांचं नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर सोडू नका. नवीन आवृत्ती आधी थोड्या ग्राहकांवर सोडा. आणि सगळे फोन एकदम परत नोंदणी करायला आले तर यंत्रणा किती सोसेल, याची चाचणी मुद्दाम करून बघा. लोडशेडिंगनंतर अनेक टॉवर एकाच वेळी जिवंत होतात, तेव्हा आपल्याकडे हे रोजचंच आहे.

मी तालुक्याला छोटा आयएसपी चालवतो. यातलं माझ्या कामाचं काय?

बरंच आहे, पण सगळं नाही. तुमच्याकडे ग्राहकांच्या फायबर जोडणारं ओएलटी, त्यांचे इंटरनेट सेशन सांभाळणारं बीएनजी, लॉगिन तपासणारं रेडियस आणि बिलिंग असतं, बहुतेक वेळा एका कोपऱ्यातल्या एकाच संगणकावर. आधी बिलिंग, तक्रारींची नोंद आणि बॅकअप क्लाउडवर न्या. तो संगणक जळला तर ग्राहकांची यादीच जाते, हा धोका आज सगळ्यात मोठा आहे.

बीएनजी मात्र गावातच ठेवा. रेडियस क्लाउडवर नेलं तर त्याची एक प्रत स्थानिक ठेवा. नाहीतर बाहेरची वाट दहा मिनिटं गेली की तेवढ्यात राउटर बंद-चालू करणारे सगळे ग्राहक बाहेर राहतात, आणि वाट परत आली की हजारभर लॉगिन एकदम आदळतात. अनेक ग्राहकांना एकच इंटरनेट पत्ता वाटून देणाऱ्या सीजीनॅटच्या नोंदी नीट जपा, पोलिसांची विचारणा आली तर त्या लागतात. दोन-तीन हजार ग्राहकांसाठी कुबरनेटिस उभं करू नका. साधे दोन सर्व्हर, रोज तपासलेला बॅकअप आणि दुसऱ्या पुरवठादाराची लाइन यावर पैसा घाला.

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. हे सर्व्हर टिकतील का?

डेटा सेंटरसाठीचा साधा सर्व्हर टॉवरखालच्या खोलीत ठेवला तर नाही. एज साइटसाठी, म्हणजे ग्राहकाजवळच्या अशा छोट्या जागांसाठी, जास्त तापमान सोसणारी, धुळीपासून जपलेली आणि उणे ४८ व्होल्टवर चालणारी उपकरणं घ्या. एसीला जनरेटर आहे का आणि एसी बंद पडला तर खोली किती वेळात तापते, हे दुपारी स्वतः उभं राहून मोजा. तापमान वाढलं की आधी कुठल्या सेवा बंद करायच्या, हा क्रमही ठरवून ठेवा. शेवटपर्यंत राहणारी सेवा ११२ ची असावी.

लाइनमन आणि एक्स्चेंजच्या लोकांचं काय होणार?

केबल जोडणारा, ओटीडीआर लावून तुटलेली जागा शोधणारा माणूस लागणारच, उलट जास्त लागेल. एक्स्चेंजमधल्या तंत्रज्ञाचं काम बदलेल. पण कॉल कुठे अडकला हे सिग्नलिंगचा माग पाहून सांगणारी त्याची नजर नव्या मुलांकडे नसते. त्याला लिनक्स आणि कुबरनेटिस शिकवणं, हे नवख्याला वीस वर्षांचं टेलिकॉम शिकवण्यापेक्षा सोपं आहे. कंपन्यांनी अशा लोकांना स्वेच्छानिवृत्ती देण्याआधी प्रशिक्षण द्यावं, असं मी कळकळीने सांगेन.

जळगाव-धुळ्यात शिकणाऱ्या मुलांसाठी: लिनक्स, नेटवर्किंगचा पाया, मग कंटेनर. ओपन५जीएस हा मुक्त ५जी कोअर आणि यूईरॅनसिम हा फोन-टॉवरचा आभास निर्माण करणारा प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर चालतो. एक नोंदणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वायरशार्क या नेटवर्कचे निरोप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये निरोप-निरोप वाचा.

किती वर्षं लागतात?

मोठ्या कंपनीला अनेक वर्षं, आणि त्या काळात जुनं-नवं दोन्ही चालवायचा खर्च येतो. अंदाजपत्रकात हा दुहेरी खर्च नसेल तर प्रकल्प मध्येच अडकतो.

जुनी यंत्रणा बंद कधी करायची?

तिच्यावर अजून कोण विसंबून आहे ते कळल्यावर. ग्राहकांची यादी इथे पुरत नाही. २जी सिमवर चालणारे मोबाइल स्टार्टर कितीतरी शेतांत बसवलेले आहेत. शेतकरी घरून फोन लावून विहिरीवरचा पंप चालू करतो. दुकानातली जुनी कार्ड मशीन, एटीएमची अलार्म लाइन, वीज मीटरचं सिमही असंच. ही सिम बोलत नाहीत, तक्रार करत नाहीत, आणि बंद पडली तर कळतं ते बाग सुकायला लागल्यावर. सहा महिन्यांच्या नोंदींतून अशी सिम शोधा: फक्त छोटे कॉल, कधीच न हलणारं ठिकाण, डेटा नाही. त्या मालकांना एसएमएस नव्हे, फोन करा, आणि ४जीवर चालणारा पर्याय त्यांच्या हाती पडेपर्यंत तारीख पुढे ढकला. त्यातही उन्हाळ्यातली तारीख घेऊ नका.